पांढरीतून वर आलेलं तगर

तेरला येणारी बहुतेक माणसं गोरोबाकाकांच्या दर्शनाला येतात. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीकाठचं हे गाव. नामदेव-ज्ञानदेवांच्या काळातल्या या कुंभार संताची समाधी इथे आहे आणि चैत्रात मोठी यात्रा भरते. गोरोबाकाकांनी जमलेल्या संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते सांगितलं, ही गोष्ट महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक असते. याच गावात कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय आहे आणि त्यातला मोलाचा ऐवज मातीचाच आहे. गोरोबाकाकांच्या आधी हजारेक वर्षं इथल्या कारागिरांनी भाजलेल्या मातीचा.

समाधीचं दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी बरेच जण संग्रहालयाकडे वळत नाहीत. त्यांनी वळायला हवं. एखाद्या प्रदेशाची गोष्ट तिथल्याच वस्तूंनी, तिथेच राहून कशी सांगावी, याचा इतका चांगला नमुना मराठवाड्यात दुसरा सापडणं अवघड आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून अरबी समुद्रात ये-जा करणाऱ्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं बंदरांची एक वाटाड्या-वही लिहून ठेवली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावानं ती ओळखली जाते. लेखकाचं नाव मात्र मागे राहिलेलं नाही. बॅरिगाझा म्हणजे आजच्या भडोचबद्दल सांगताना तो दख्खनच्या आतल्या दोन बाजारपेठांचा उल्लेख करतो. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तिथला माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येतो. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड, तगरहून भरपूर जाडंभरडं कापड आणि नाना तऱ्हेची मलमल. दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगर येतं.

हे तगर नेमकं कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी बराच खल केला. कुणी देवगिरीच्या आसपास ते शोधलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरकडे बोट दाखवलं, रा. गो. भांडारकरांना धारूर संभवनीय वाटलं. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं मांडलं. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी गावात येऊन पाहणी केली आणि इथली विटांची मंदिरं, जुन्या वस्तीची टेकाडं यांचं वर्णन पुरातत्त्व खात्याच्या अहवालात छापलं. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. वाद मिटला, तरी गाव होतं तसंच राहिलं. गाव वसलंच मुळी जुन्या शहराच्या डोक्यावर.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावाप्रमाणे तेरचीही काळी वेगळी आणि पांढरी वेगळी. काळीत पीक घ्यायचं, पांढरीवर वस्ती करायची. शतकानुशतकं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, त्यांच्यावर नवी उठली, चुलींची राख आणि भिंतींची माती साचत गेली, की पांढरीचं टेकाड तयार होतं. ही पांढरी माती माळवदाच्या घरांना लागते. पावसाळ्याआधी माळवदावर तिचा थर दिला, की पाणी आत झिरपत नाही. म्हणून लोक टेकाडं खणत आणि मातीबरोबर मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या वर येत. जोराचा पाऊस होऊन गेला की काही न खणताही घळींच्या कडेला वस्तू उघड्या पडत.

रामलिंगप्पा लामतुरे या तेरमधल्याच गृहस्थांनी या वस्तू जमवायला सुरुवात केली. पुरातत्त्वाचं रीतसर शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. पायाखाली येणारी ही खापरं टाकून द्यायची नसतात, एवढं मात्र त्यांना नक्की कळलेलं होतं. वर्षानुवर्षं जमवलेल्या या वस्तूंची संख्या हजारोंच्या घरात गेली. ब्रिटिश संग्रहालयातले अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी 1960 मध्ये तेरवर छोटं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर लामतुरे यांचा हा संग्रह होता. पुढे तो शासनाकडे आला आणि गावातच राहिला. या ‘गावातच राहिला’ला फार महत्त्व आहे. इतक्या मोलाच्या वस्तू मुंबईला, हैदराबादला किंवा परदेशातल्या एखाद्या विक्रेत्याकडे जाणं त्या काळी मुळीच कठीण नव्हतं.

या संग्रहातली एखादी मातीची बाहुली जवळून पाहण्यासारखी असते. ती बहुधा केओलिन या पांढऱ्या, बारीक पोताच्या मातीची. उंचीला वीतभरही नाही. सरसकट मूर्तिकार करतात तशी ती हातानं घडवलेली नाही, साच्यातून काढलेली आहे. आणि साचेही दोन, एक पुढच्या अंगाचा, एक मागच्या. दोन्हींत मातीचा पातळ थर अंगठ्यानं दाबून बसवायचा, मग दोन्ही भाग ओल्या मातीनं एकमेकांना जोडायचे, कडेची शिवण बोटानं पुसून घ्यायची आणि भाजायची. त्यामुळे बाहुली आतून पोकळ होते, वजनाला हलकी राहते आणि भट्टीत तडकत नाही. शिवण पुसताना कारागिरानं घाई केली असेल, तर कानामागून खांद्याकडे उतरणारी ती रेष आजही दिसते. फुटलेल्या बाहुलीची आतली बाजू पाहायला मिळाली तर माती दाबल्याच्या खुणा दिसतात. त्या माणसाचं नाव कुठल्याही शिलालेखात नाही. त्याच्या अंगठ्याचा दाब मात्र शिल्लक आहे.

या बाहुल्यांचं सगळं लक्ष केसांवर आहे. कपाळावर ओळीनं बसवलेल्या बटा, एका बाजूला कललेला अंबाडा, त्यावर गुंडाळलेल्या माळा, कानात जड कर्णभूषणं. सातवाहनकाळातल्या नटण्यामुरडण्याची एवढी बारीक माहिती कुठल्याही ग्रंथात एका जागी मिळणार नाही. साचा होता म्हणजे एकाच रूपाच्या कितीतरी बाहुल्या निघत, आणि गिऱ्हाईक होतं म्हणूनच साचा होता. यातून तगरच्या बाजाराचं चित्र उभं राहतं. राजघराण्याच्या दिमाखापेक्षा वेगळं, घरात देवळीत ठेवायला किंवा पोराबाळांना द्यायला चार पैसे खर्चणाऱ्या माणसांचं. लज्जागौरीच्या मातीच्या प्रतिमाही इथे मिळाल्या आहेत. शिराच्या जागी काही नसलेली किंवा कमळ असलेली, अपत्यजन्माशी जोडलेली ही देवता दख्खनमध्ये पुढे दगडातही आली; तेर, भोकरदन, नेवासे अशा ठिकाणी ती मातीतून भेटते.

संग्रहातली सर्वांत नावाजलेली वस्तू मात्र हस्तिदंताची आहे. दागिन्यांनी मढलेली, उभी स्त्री. तिच्यासारखीच एक हस्तिदंती मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात मिळाली. व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं इ. स. 79 मध्ये पाँपेई गाडलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली होती हे पक्कं. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, नंतरच्या अभ्यासकांना ती यक्षी वाटली. एखाद्या आरशाची मूठ किंवा छोट्या चौरंगाचा पाय म्हणून ती कोरली असावी असंही मांडलं गेलं. ती भारतात कुठे घडली असेल हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत राहिला. तेरच्या मूर्तीनं आणि पुढे भोकरदनच्या उत्खननात मिळालेल्या तशाच मूर्तीनं दख्खनचा दावा बळकट केला. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतली खूण असल्यानं वायव्येकडचाही विचार करावा लागतो, त्यामुळे निकाल लागला असं म्हणता येत नाही. पण नेपल्सच्या काचपेटीतल्या मूर्तीचं कूळ शोधायला निघालेल्या अभ्यासकाला तेरच्या वाटेला यावंच लागतं. एका खेड्यातल्या संग्रहालयासाठी ही सामान्य गोष्ट नाही.

अशी वस्तू असली की संग्रहालयाला एक मोह पडतो. सगळी गोष्ट तिच्याभोवती गुंफायची आणि ‘रोमशी व्यापार करणारं शहर’ एवढ्यावरच थांबायचं. तेरच्या बाबतीत हे वारंवार झालं आहे. दुहेरी साचा रोमकडून आला, दिवे रोमन पद्धतीचे, पदकं रोमन नाण्यांची नक्कल, असं एकेक सांगत गेलं की तगरची माणसं स्वतःच्याच शहरात पाहुणी ठरतात. इथल्या काही वस्तूंवर भूमध्य समुद्राकडच्या नमुन्यांची छाप आहेच. तिच्या जोडीला एक मोठा धडाही लक्षात ठेवायला हवा. तळाशी बारीक दातेरी नक्षीची वर्तुळं असलेली, गुळगुळीत पातळ थाळ्यांची खापरं तेरसह भारतात अनेक ठिकाणी मिळतात. मॉर्टिमर व्हीलर यांनी 1945 मध्ये अरिकमेडूला उत्खनन केल्यावर या खापरांची सांगड रोमन व्यापाराशी घातली आणि ती जिथे दिसतील तिथे रोमन व्यापारी आला, असा हिशेब रूढ झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं त्या खापरांच्या मातीचं पृथक्करण केलं आणि 1997 मध्ये दाखवून दिलं, की ही माती गंगेच्या मुखाकडच्या बंगालमधल्या मातीशी जुळते. थाळ्यांच्या रोमन नात्याची बैठकच त्यामुळे बदलली. त्या आल्या असतील तर पूर्वेकडून, भारतातल्याच कारागिरांच्या हातून. तेरचं नातं भडोचमार्गे पश्चिमेशी होतं तसं पूर्व किनाऱ्याशीही होतं, हे त्या साध्या खापरांनी सांगितलं.

खापर, मणी, बांगडी यांच्यासमोर प्रेक्षक फारसा रेंगाळत नाही, हे कुठल्याही संग्रहालयात दिसतं. तेरमध्ये तरी रेंगाळावं. दख्खनच्या काळ्या कातळात अकीकाच्या गारगोट्या मिळतात. त्या भट्टीत तापवल्या की तांबूस रंग चढतो. मग त्या फोडायच्या, घासायच्या आणि शेवटी दोन्ही टोकांकडून बारीक भोक पाडत मध्ये गाठायचं. मणी इथे घडत की बाहेरून येत, हे अशा वेळी अर्धवट सोडलेल्या मण्यांवरून कळतं, कारण बिघडलेला माल कुणी गाडीत भरून पाठवत नाही. शंखाच्या बांगड्यांचं उलट आहे. शंख समुद्रातला. तेरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मध्ये सह्याद्री. म्हणजे करवतीनं कापलेली ती पांढरी बांगडी तगरच्या बाईच्या हातात आली, तेव्हा तिच्यामागे किनाऱ्यावरच्या शंख काढणाऱ्यापासून घाटातल्या बैलगाडीवाल्यापर्यंत कितीतरी माणसं राबली होती.

आणि तगरचं ज्यावर खरं नाव झालं, ते कापड? ते या संग्रहालयात नाही. असूही शकत नाही. उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि पावसाळ्यात चिंब होणाऱ्या दख्खनच्या मातीत सुती कापड दोन हजार वर्षं टिकत नाही. मलमलीचा एक धागाही न दाखवता मलमलीच्या शहराची गोष्ट सांगायची, ही तेरपुढची सर्वांत अवघड अडचण आहे. तिच्यावरचा उपाय आडवळणाचा आहे. पुराणवस्तुसंग्रहालयांत जुन्या वस्तीतल्या भाजक्या मातीच्या चकत्या, चात्या, टकळ्यांचे भाग मांडलेले असतात. त्यांच्याकडे कापडाचे पुरावे म्हणून पाहायला शिकवलं तर कापड डोळ्यांपुढे येतं. त्या बाहुल्यांच्या अंगावरच्या चुण्या, कमरेचे शेले, हेही कापडच. तेरच्या संग्रहालयानं आपल्या भिंतीवर पेरिप्लसमधली तगरची नोंद मराठीत मोठ्या अक्षरांत लावली आणि खाली ‘हे कापड इथे दिसणार नाही, का ते पाहा’ असं लिहिलं, तर शाळेतली पोरं तो फलक वाचल्याशिवाय पुढे जाणार नाहीत.

संग्राहकाच्या थोरवीबरोबर एक उणीव येते, आणि तीही प्रामाणिकपणे सांगायला हवी. पावसानं उघडी पडलेली किंवा माती खणताना आलेली वस्तू कुठल्या थरातली, तिच्या शेजारी काय होतं, हे नोंदलेलं नसतं. थर हरवला की काळ हरवतो. मग अभ्यासकाला घडणीवरून, केशरचनेवरून, दुसऱ्या ठिकाणच्या वस्तूंशी तुलना करून अंदाज बांधावा लागतो. हीच अडचण सोडवायला उत्खननं झाली. 1958 मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेरला उत्खनन केलं, त्याचा अहवाल 1969 मध्ये आला. पुढेही निरनिराळ्या वेळी इथे खणलं गेलं आणि विटांचा स्तूपही उजेडात आला. उत्खननात थरानिशी मिळालेली एक बाहुली आली, की लामतुरे संग्रहातल्या तिच्यासारख्या अनेक बाहुल्यांना काळ मिळतो. गावकऱ्यानं जमवलेला साठा आणि शास्त्रशुद्ध खणलेला खड्डा, दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही.

इथे महाराष्ट्रातल्या दुसऱ्या दोन संग्रहालयांची आठवण येते. पुण्यात दिनकर केळकर यांनी आपला मुलगा राजा याच्या स्मरणार्थ हजारो वस्तू जमवल्या आणि 1975 मध्ये शासनाला दिल्या. दिवे, अडकित्ते, वजऱ्या, दौती, दरवाजे. त्या वस्तू महाराष्ट्रातून आणि बाहेरूनही आलेल्या. त्यामुळे ते संग्रहालय घरगुती कलाकुसरीची गोष्ट सांगतं, एका गावाची नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधलं संग्रहालय तेरला जास्त जवळचं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेला ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा छोटा ब्राँझ पुतळा तिथे आहे. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी 1945-46 मध्ये त्या टेकाडाचं उत्खनन केलं आणि सातवाहनकाळातलं कोल्हापूर पुढे आलं. तो पुतळा पाहून बाहेर पडलेला माणूस त्याच दिवशी ब्रह्मपुरीवर जाऊन उभा राहू शकतो.

तेरमध्ये तर संग्रहालयाची भिंत ओलांडली की पुढचं दालन सुरूच होतं. गावातलं त्रिविक्रम मंदिर विटांचं, आणि त्याचं गर्भगृह मागे अर्धगोल वळलेलं, वर गजपृष्ठासारखं छत. लेण्यांतल्या चैत्यगृहाचा आकार, फक्त कातळात कोरलेला नसून विटांनी बांधलेला. तो मुळात बौद्ध चैत्य होता आणि नंतर त्रिविक्रमाचं मंदिर झालं, की आरंभापासूनच मंदिर होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढचा मंडप नंतर जोडलेला. अशा आकाराची, विटांत बांधलेली आणि आजही उभी असलेली वास्तू भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उत्तरेश्वर मंदिरही विटांचंच. त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा संग्रहालयात आणून ठेवली आहे. लाकडाचं इतकं जुनं काम दख्खनच्या हवेत वाचावं हेच नवल, त्यामुळे तिच्यापुढे दोन मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही. तेरच्या जुन्या विटांची एक ख्याती आहे, त्या पाण्यावर तरंगतात. विटेच्या मातीत भुसा-तूस मिसळलेला असला की भट्टीत तो जळून जातो आणि त्याच्या जागी असंख्य बारीक पोकळ्या राहतात. वीट हलकी होते, छताचा भार कमी होतो.

व्यापार ओसरला, सातवाहन गेले, पण तगर हे नाव मानाचं राहिलं. इ. स. 612 च्या चालुक्य ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी म्हणून नोंदला आहे. कोकण आणि कोल्हापूर भागात राज्य करणारे शिलाहार राजे तर आपल्या बिरुदांत स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत. तेरवर त्यांची सत्ता नसतानाही आपलं मूळ इथलं, हे सांगण्यात त्यांना भूषण वाटे. पुढच्या काळात याच गावात गोरोबा झाले. कोल्हापूरच्या शिलाहारांपासून पंढरीच्या वारकऱ्यापर्यंत किती वेगवेगळी माणसं या एका गावाशी नातं सांगतात, हे संग्रहालयाच्या आताच्या मांडणीपेक्षा ठळकपणे दिसायला हवं. सातवाहनकाळ एका कपाटात आणि गोरोबाकाका मंदिरात, अशी वाटणी करण्याचं कारण नाही. साच्यात माती दाबणारा कारागीर आणि चिखल तुडवता तुडवता विठ्ठलाचं नाव घेणारा कुंभार एकाच नदीकाठी मातीला आकार देत होते.

प्रत्येक वस्तूखाली ‘मृण्मूर्ती, सातवाहनकालीन’ एवढंच लिहिण्यापेक्षा ती गावाच्या कोणत्या भागातून, कशी हाती आली, हे जिथे ठाऊक आहे तिथे तरी लिहावं. आजही तेरच्या पांढरीत वस्तू निघतात. सापडलेली वस्तू उचलून थेट संग्रहालयात द्यायची, तिला पाण्यानं घासायचं नाही, जागा लक्षात ठेवायची, एवढं गावातल्या प्रत्येक शाळेत दरवर्षी सांगितलं, तर लामतुरे यांच्या संग्रहाला न मिळालेल्या नोंदी नव्या वस्तूंना मिळतील.

तेरला जायचं तर संग्रहालय आधी पाहावं आणि मंदिरं नंतर. त्रिविक्रम मंदिरात पूजा चालू असते, दर्शन समोरूनच घ्यायचं. मग बाहेर येऊन वास्तूला वळसा घालावा. अर्धगोल भिंत आणि तिच्यावरचं विटांचं छत मागच्या बाजूनं सर्वांत चांगलं दिसतं.